मुख्याध्यापकांनी वर्गात बसावं कसं, आणि बसून झाल्यावर करावं काय

"अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा. मागे पडलेल्या विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे." शाळांच्या लॉगबुकात असा शेरा पानोपानी सापडतो. तो कुठल्याही शिक्षकाला, कुठल्याही विषयाला, कुठल्याही वर्षी लागू पडतो आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. शिक्षक खाली सही करतात, वही कपाटात जाते. उद्याच्या तिसऱ्या तासिकेला नेमकं काय वेगळं करायचं, हे त्या शेऱ्यातून कुणालाही कळत नाही.

वर्षातून दोनदा पूर्ण तासभर बसून दहा सूचना करण्यापेक्षा तीन आठवड्यांतून एकदा वीस मिनिटं बसावं, एकच सूचना करावी आणि आठवड्याच्या आत ती पुन्हा बघायला जावं. शिकवणं बदलतं ते अशा भेटींनी. प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट शिक्षकांना पटते, पण सरावाशिवाय आणि कुणीतरी सोबत असल्याशिवाय ती वर्गात उतरत नाही. ती सोबत देऊ शकणारा माणूस शाळेतच असतो.

आधी वेळेचं गणित

शाळेत १२ शिक्षक आहेत असं धरा. आठवड्याला ४ भेटी, प्रत्येक २० मिनिटांची, आणि प्रत्येक भेटीनंतर १५ मिनिटांचं बोलणं. एकूण २ तास २० मिनिटं. या वेगाने प्रत्येक शिक्षकाची पाळी तीन आठवड्यांनी येते. परीक्षा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन वजा जाता वर्षात २७ आठवडे हाती लागले तरी प्रत्येकाला ९ भेटी मिळतात. सूचना बघायला पुन्हा जायचं त्याची दहा-दहा मिनिटं वेगळी. तरीही सगळं मिळून आठवड्याला तीन तासांच्या पुढे जात नाही.

हा वेळ "मिळाला की जाऊ" असं ठरवलं तर तो कधीच मिळत नाही. मंगळवार आणि गुरुवारची दुसरी व तिसरी तासिका अशी जागा पक्की करा आणि ती शाळेच्या मुख्य वेळापत्रकातच लिहा. मधल्या सुट्टीच्या लगतच्या तासिका टाळा, कारण पोषण आहाराच्या गडबडीत बोलावणं हमखास येतं. या वेळात कोण फोन घेईल, पालक आले तर कोण बसवून घेईल, हे लिपिकाशी किंवा एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाशी आधी ठरवा. "आजच दुपारपर्यंत माहिती भरा" असे निरोप येतच राहणार. त्यातले खरोखर दुपारपर्यंतचे किती असतात, हे महिनाभर टिपून ठेवलं तर वेळ राखायला धीर येतो.

गोपनीय अहवालापासून फारकत

या भेटींची नोंद गोपनीय अहवालात, म्हणजे शिक्षकांच्या कामाच्या वर्षअखेरच्या मूल्यमापनात, जाणार असेल, तर तुम्हाला खरा वर्ग कधीच दिसणार नाही. आदल्या दिवशी शिकवून झालेला पाठ पुन्हा दिसेल, ठरलेली चार मुलं हात वर करतील, आणि वर्षभर न उघडलेला तक्ता भिंतीवर लटकेल.

म्हणून दोन वह्या ठेवा. नियमानुसारचं पाठनिरीक्षण लॉगबुकात, आधी तारीख सांगून, वेगळं होऊ द्या. या छोट्या भेटींसाठी साधी दोनशे पानी वही घ्या. बोलणं झालं की त्यातलं पान फाडून शिक्षकांच्या हाती द्या. तुमच्याकडे फक्त तारीख, वर्ग आणि ठरलेला एक बदल एवढी ओळ राहू द्या. हे जूनच्या पहिल्या बैठकीत सर्वांसमोर सांगा. आणि मग ते पाळा. एकदा जरी वहीतली गोष्ट वर्षअखेरच्या शेऱ्यात डोकावली, तरी पुढची पाच वर्षं कुणी तुमच्याशी मोकळं बोलणार नाही.

अपवाद एकच. मुलाला मारणं, त्याचा अपमान करणं, जातीवरून बोलणं दिसलं तर ते सुधारणेच्या वहीत मावत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. तिथे मुख्याध्यापक म्हणून कारवाईच करायची, आणि हेही जूनमध्येच सांगून ठेवायचं.

आणखी एक पूर्वअट. मुख्याध्यापकांनी स्वतः आठवड्याला निदान काही तासिका शिकवल्या पाहिजेत, आणि पहिली भेट शिक्षकांनी त्यांच्या वर्गाला द्यायला हवी. दोन-तीन शिक्षकांना मागे बसवा, तुमच्या वर्गाच्या नोंदी त्यांना काढू द्या, आणि सगळ्यांसमोर त्यावर चर्चा होऊ द्या. तुमचाही प्रश्न एकदोन वेळा फसलेला दिसला की पुढचं काम निम्मं सोपं होतं.

वर्गात बसल्यावर

पहिल्या महिन्यात परिपाठातच मुलांना सांगून टाका की मुख्याध्यापक अधूनमधून वर्गात येऊन बसणार आहेत, उठून उभं राहायचं नाही, नमस्ते म्हणायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत मुलं सरावतात. खुर्ची मागवू नका. रिकाम्या बाकावर बसा. शेवटच्या बाकावरून मुलांच्या फक्त पाठी दिसतात. बाजूच्या भिंतीलगत, मागून दुसऱ्या ओळीच्या रेषेत बसलात तर शिक्षक, फळा आणि निम्म्या वर्गाचे चेहरे एकाच वेळी दिसतात.

मध्येच मुलांना प्रश्न विचारू नका. शिक्षकांची चूक झाली, अगदी फळ्यावर उत्तर चुकलं, तरी तिथे बोलू नका. तासिका संपल्यावर त्यांनाच सांगा; उद्या वर्गात तेच दुरुस्त करतील. मुलांसमोर एकदा तुमच्याकडून दुरुस्ती झाली की त्या वर्गात शिक्षकांचा शब्द हलका होतो, आणि तो परत जड करणं फार कठीण.

आता नोंदी. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे शिक्षक काय बोलले किंवा केलं, उजवीकडे मुलांनी काय केलं, आणि कडेला घड्याळातली वेळ. विशेषण एकही नाही. "उत्साही वातावरण", "काहीसा गोंधळ" हे शब्द बाद. अपूर्णांकांच्या बेरजेचा तास असेल तर पान साधारण असं दिसेल:

११:०५ – फळ्यावर १/२ + १/३. "आधी काय करायचं?" | पुढच्या दोन बाकांवरून एका सुरात "छेद समान".
११:०९ – बाई उदाहरण पूर्ण सोडवतात, उत्तर ५/६. "समजलं का?" | सगळा वर्ग "होऽऽ". ३४ पैकी २७ मुलं उतरवून घेतात, ४ नुसती बघतात, ३ वह्या बंद.
११:१४ – "आता १/४ + २/३ स्वतः सोडवा." | खिडकीकडच्या रांगेत ६ पैकी ४ वह्यांत ३/७.

शेवटची नोंद मिळवायला जागेवरून उठावं लागतं. मुलं स्वतः सोडवत असतील तेव्हाच रांगांमधून हळू फिरा, काहीही न बोलता. ती ३/७ ही चार उत्तरं या पानावरची सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. पाच मिनिटांपूर्वी त्याच मुलांनी "होऽऽ" म्हटलं होतं. यावर कसलंही मत द्यायची गरज नाही, पानच बोलतं.

यासोबत एका वेळी एकच मोजमाप घ्या. वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढून, ज्याने उत्तर दिलं त्याच्या चौकोनात रेघ मारा; वीस मिनिटांत उत्तरं बहुधा त्याच सात-आठ जागांवरून येताना दिसतील. किंवा प्रश्न विचारल्यापासून पुढचं वाक्य येईपर्यंत किती सेकंद गेले ते मनात मोजा. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या संशोधिका मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. ते तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. फळ्यापाशी उभं राहून थांबून बघा, ते किती लांब असतात ते कळेल.

दहातला एकच बदल निवडताना

वीस मिनिटांत सुधारण्यासारख्या दहा गोष्टी दिसतात. दहाही सांगितल्या तर शिक्षकांना एवढंच ऐकू येतं की आपल्याला शिकवता येत नाही. एकच निवडा, आणि निवडताना तीन कसोट्या लावा: ती उद्या करता येईल का, केली की नाही हे डोळ्यांना दिसेल का, आणि तिचा फायदा सात मुलांना होणार की चौतीस? "मुलांचा सहभाग वाढवा" दुसऱ्याच कसोटीला अडकतं. "फळ्यावरचं अक्षर मोठं काढा" पहिल्या दोन्ही कसोट्यांना उतरतं, पण मुलांच्या डोक्यातली ३/७ ची गाठ त्याने सुटत नाही.

वरच्या तासासाठी बदल असा असू शकेल. "समजलं का?" हा प्रश्न बंद, त्याऐवजी पाटी. एक उदाहरण सोडवून झालं की तशाच दुसऱ्या उदाहरणाचं उत्तर प्रत्येकाने पाटीवर लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची, आणि बाईंनी "तीन" म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. पाट्या नसतील तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूचे तुकडे चालतात. एकदम वर करणं महत्त्वाचं, नाहीतर मागची मुलं पुढच्यांची पाटी बघून लिहितात. बाईंनी दहा सेकंदांत नजर फिरवायची. पावपेक्षा जास्त पाट्या चुकल्या तर तोच मुद्दा वेगळ्या रीतीने, म्हणजे कागदाची पट्टी घडी घालून किंवा भाकरीचं चित्र काढून, पुन्हा घ्यायचा. चार-पाचच चुकल्या तर वर्गाला पुढची दोन उदाहरणं देऊन तेवढ्या मुलांजवळ जाऊन बसायचं.

हे फसतं तेव्हा कारणं ठरलेली असतात. उत्तर चार ओळींचं असतं, मग पाटी वाचताच येत नाही. एका शब्दाचं किंवा एका संख्येचं उत्तर येईल असाच प्रश्न हवा. खडूचे तुकडे आधी वाटलेले नसतात आणि पाच मिनिटं खडूंतच जातात. किंवा बरोबर पाट्यांना "शाब्बास" आणि चुकलेल्यांना मोठ्याने नाव घेऊन "हे काय?" असं होतं. मग तिसऱ्या दिवशी ती मुलं पाटी वरच करत नाहीत. चुकलेली पाटी दिसावी यासाठीच हा खटाटोप आहे, हे शिक्षकांशी आधी बोलून घ्या.

भाषेच्या तासाला असाच सोपा बदल प्रश्न विचारण्याच्या क्रमात करता येतो. आधी मुलाचं नाव आणि मग प्रश्न असं झालं की नाव ऐकताच बाकीची तेहतीस मुलं सुटतात. आधी प्रश्न, मग तीन सेकंद, मग नाव. सगळ्यांना विचार करावाच लागतो.

पंधरा मिनिटांचं बोलणं

त्याच दिवशी बोला, फार तर दुसऱ्या दिवशी. तुमच्या टेबलापलीकडे शिक्षकांना बसवू नका. रिकामा वर्ग किंवा प्रयोगशाळा बघा आणि शेजारी बसून पान दोघांच्या मध्ये ठेवा. पहिली दोन मिनिटं त्यांना पान वाचू द्या. तुम्ही गप्प राहा. हे जमायला अवघड आहे, पण बरेच शिक्षक स्वतःच नेमक्या ओळीवर बोट ठेवतात.

कौतुक करायचं तर तेही पानावरचंच असू द्या. "छान घेतलात तास, पण..." या वाक्यातला "छान" कुणालाच ऐकू येत नाही, "पण" तेवढा ऐकू येतो. त्याऐवजी: "११:१७ ला चुकलेल्या मुलाला फळ्यापाशी न बोलावता तुम्ही त्याच्या बाकाजवळ गेलात, आणि त्याने स्वतःच खोडून दुरुस्त केलं." मग प्रश्न:

"बाई, खिडकीकडच्या रांगेत चौघांचं उत्तर ३/७ आलंय. त्यांनी काय केलं असेल?"
"वर वर आणि खाली खाली मिळवलं, सर. मी तर आत्ताच सांगितलं होतं छेद समान करा म्हणून."
"हो, ११:०५ ला वर्गानेही सांगितलं. मग या चौघांना जमलेलं नाही, हे आपल्याला ११:१४ च्या आधी कसं कळलं असतं?"

बदल ठरला की त्याची तालीम करा. बोलण्याचा हा भाग सगळीकडे गाळला जातो, आणि म्हणूनच ठरलेलं वर्गात उतरत नाही. बाईंनी उभं राहून "पाट्या पालथ्या... तीन" हे प्रत्यक्ष म्हणायचं, तुम्ही पाटीवर मुद्दाम चुकीचं उत्तर लिहून वर करायचं, त्यांनी त्यावर काय बोलायचं ते बोलून बघायचं. तीन मिनिटं पुरतात. सुरुवातीला दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. तरी करा. शेवटी तारीख ठरवा: "येत्या मंगळवारी दुसऱ्या तासिकेला दहा मिनिटं येतो, फक्त पाटी बघायला."

त्या मंगळवारी खरोखर फक्त पाटीच बघा. दुसरं काही खुपलं तरी ते पुढच्या पाळीला. ठरलेलं झालं नसेल तर "का केलं नाही?" असं विचारण्यापेक्षा "कुठे अडलं?" विचारा. उत्तर बऱ्याचदा "पोर्शन मागे पडतो, सर" असं येतं, आणि ते खरं असतं. इथे मुख्याध्यापकांनीच जबाबदारी उचलायची असते. वार्षिक नियोजनात त्या घटकाला दोन तासिका वाढवून द्या, कुठल्या घटकाच्या कमी करायच्या ते सोबत बसून ठरवा आणि त्या बदलावर स्वतः सही करा. पोर्शन वेळेत पूर्ण झाला पाहिजे असं एकीकडे ठणकावायचं आणि दुसरीकडे मुलांना विचार करायला वेळ द्या म्हणायचं, असं चालणार नाही.

वह्या आणि टाचण

महिन्यातून एकदा एका वर्गाच्या पाच वह्या मागवा. शिक्षकांना निवडायला सांगितलंत तर नीटनेटक्या पाचच येतील. हजेरी क्रमांक ५, १०, १५, २०, २५ असे मागा. पाचही वह्यांत उत्तरं शब्दशः सारखी असतील तर मुलं लिहीत नाहीत, फळ्यावरून किंवा गाईडमधून उतरवत आहेत. चुकलेल्या उत्तरावर बरोबरची खूण असेल तर तपासणी फक्त सहीपुरती झाली आहे. अशा वेळी "सगळ्या वह्या तपासा" हा आदेश देऊ नका. साठ मुलांच्या प्रत्येकी पाच वह्या म्हणजे तीनशे वह्या. कुणीही खूणच मारेल. त्याऐवजी आठवड्याला मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं एकच उत्तर नीट वाचून तपासायचं, बाकी स्वाध्याय मुलांनी एकमेकांचे तपासायचे, असं ठरवा.

टाचण वही, म्हणजे शिक्षकांनी पाठाची आखणी लिहायची वही, जुन्या वहीवरून उतरवली जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. लांबलचक उद्दिष्टांपेक्षा तीनच ओळी मागा: आज कोणता मुख्य प्रश्न विचारणार, मुलं कोणतं चुकीचं उत्तर देण्याची शक्यता आहे, आणि तसं दिलं तर काय करणार. मधली ओळ लिहायला शिक्षकांना मुलांसारखा विचार करावा लागतो. ती कुठून उतरवता येत नाही.

शिक्षकांनी एकमेकांकडून शिकण्यासाठी

सगळा भार तुमच्यावर ठेवू नका. वेळापत्रक करतानाच एका विषयाच्या दोन शिक्षकांची आठवड्यातली एक रिकामी तासिका एकत्र येईल असं बघा. जूनमध्ये हे जमतं, ऑगस्टमध्ये नाही. त्या तासिकेला बदली तास लावू नका.

जपानच्या शाळांत शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली पाठ-अभ्यासाची पद्धत सत्रात एकदा करून बघण्यासारखी आहे. तीन-चार शिक्षक मिळून एक अवघड घटक निवडतात, एकत्र पाठ तयार करतात, एकजण शिकवतो आणि बाकीचे फक्त मुलांकडे बघतात, प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा मुलं. पाठ सर्वांचा असल्यामुळे फसला तरी एकट्या शिक्षकाचा कमीपणा होत नाही. ज्येष्ठ शिक्षकांना सोबत घेण्याचा हा उत्तम मार्ग. पंचवीस वर्षं शिकवलेल्या सरांना पाटीबद्दल सूचना देण्यापेक्षा "नवीन शिक्षणसेवकांना अपूर्णांक कसा शिकवावा हे दाखवाल का?" असं विचारलं तर ते स्वतःच रात्री बसून तयारी करतात. शिक्षणसेवकांना मात्र वाट बघायला लावू नका. त्यांची पहिली भेट रुजू झाल्यापासून दहा दिवसांत व्हायला हवी, आणि ती प्रश्नांबद्दल नसून तासाच्या पहिल्या पाच मिनिटांबद्दल असावी: मुलं बसेपर्यंत किती वेळ गेला, पहिलं काम कधी सुरू झालं. वर्ग बसतच नसेल तर पाटी आणि प्रश्न यांचा काही उपयोग नाही.

मासिक बैठकीतल्या परिपत्रकांना सूचना वही किंवा मोबाइलचा ग्रुप पुरे आहे. बैठकीतली निदान चाळीस मिनिटं एका वर्गातल्या वह्यांसाठी किंवा चाचणीतल्या एका प्रश्नासाठी ठेवा. पाचवीतल्या निम्म्या मुलांनी हा एकच प्रश्न का चुकवला, एवढ्यावर चाळीस मिनिटं सहज जातात. भेटीतलं काहीही मात्र त्या ग्रुपवर टाकू नका, कौतुकसुद्धा. ज्यांचं नाव आलं नाही त्यांना ते लागतं.

शिक्षक वर्गात असतील तरच यातलं काही होईल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. वरून येणारं सगळं तुम्ही थोपवू शकणार नाही. पण शाळेच्या आतलं थोपवू शकता. ऑनलाइन माहितीसाठी शेवटची तासिका ठरवा आणि "जरा सही करायला या" म्हणून चालू तासातून कुणालाही ऑफिसात बोलावणं बंद करा.

दोन शिक्षकी शाळेत

मुख्याध्यापकांकडेच दोन इयत्ता असतील तर दुसऱ्या वर्गात बसायला सवड कुठून येणार? तिथे आठवड्यातून एकदा वीस मिनिटं मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवायचं, अशी बैठक व्हरांड्यात लावा. दोन्हीकडे नजर राहील अशी जागा निवडून तुम्ही दाराशी बसा. तेही जमत नसेल तर शिक्षकांनी टेबलावर मोबाइल ठेवून स्वतःच्या तासाचा दहा मिनिटं फक्त आवाज रेकॉर्ड करावा. शाळा सुटल्यावर दोघांनी तो ऐकावा, किती प्रश्न विचारले आणि किती सेकंद थांबलो ते मोजावं, आणि रेकॉर्डिंग लगेच पुसून टाकावं. पुढच्या आठवड्यात पाळी तुमची.

तुमची बदली झाली तर भेटींची वही नव्या मुख्याध्यापकांकडे सोपवू नका. उरलेली पानं ज्यांची त्यांना परत द्या. नव्या मुख्याध्यापकांना फक्त मंगळवार-गुरुवारचं वेळापत्रक दाखवा.